बायकांच्या संडासाला कुलूप

रविवार सकाळ होती. हॉटेलात मिसळीला बसायला जागा नाही, बाहेर पुण्या-मुंबईच्या गाड्या आडव्यातिडव्या लागलेल्या, आणि नेमक्या त्या वेळी संडासामागचं चेंबर उफाळून वर आलं. काळं पाणी झाकणाच्या कडेनं बाहेर पडलं, फरशीचा उतार धरून निवांत चालत निघालं आणि एका पाव्हण्याच्या पांढऱ्याशुभ्र बुटापाशी जाऊन थांबलं. पाव्हणा फोनवर बोलत होता. त्याला आधी वास आला, मग त्यानं खाली बघितलं. पुढचं त्यानं जे काय म्हटलं ते मी लिहीत नाही, पण त्याचा राग मला पटला.

माझा मुलगा गल्ल्यावरून धावत आला. त्यानं चार घमेली माती टाकली, पाव्हण्याचा बूट स्वतः धुऊन दिला, सगळ्यांना हात जोडले. इथवर त्याचं काही चुकलं नाही. मग तो आत गेला, शेतातल्या मोटारीच्या पेटीचं कुलूप घेऊन आला आणि बायकांच्या संडासाला लावलं. दारावर खडूनं लिहिलं, 'बंद आहे'.

मी दाराशीच लसूण सोलत बसले होते. म्हटलं, "आणि पुरुषांचं?"

"त्याला दारच न्हाई आई, मुतारीला कुलूप कुठं लावू?"

"पाणी तर त्याच टाकीत जातंय."

"आज रविवार हाय. गर्दी सरू दे, मग बघू."

"गर्दी सरल्यावर कुणाला लागणारंय?"

तो ऐकायला थांबला नाही. तेवढ्यात एक ट्रॅव्हल्स येऊन लागली. पुरुष उतरले ते थेट रस्त्यापलीकडच्या बाभळीकडं गेले, मुतारीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पुरुषाला सगळा महाराष्ट्र मोकळा आहे. बायका मात्र खडूनं लिहिलेलं वाचून उभ्या राहिल्या, एकमेकींकडं बघितलं आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसल्या. त्यांचं ते काही न बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं. ते माझ्या ओळखीचं होतं.

माझं माहेर अवसरीचं, सासर ओतूरच्या अंगाला. लग्न झालं तेव्हा मी किती शहाणी होते ते सांगते. माहेराहून एसटीनं निघायचं असलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडायची. मंचरला गाडी बदलायची, नारायणगावला बदलायची, आणि सगळा वेळ दात आवळून बसायचं. नारायणगावला स्टँडवर होतं एक ठिकाण, पण तिथं जाताना चार माणसं बघणार, म्हणजे त्यांना कळणार की या बाईला लागली आहे! जणू बाकीच्या जगाला लागतच नाही, आणि माझ्या लग्नात हे गुपित मला हुंड्यासोबत बांधून दिलं होतं.

एकदा अगदीच जिवावर आलं. आमचे हे पुढच्या बाकावर कुणाशी तरी कांद्याच्या भावाचं बोलत बसलेले. त्यांना कसं सांगायचं? मग माझ्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. उलटी होणं हे घरंदाज असतं. उलटीचं बाईमाणूस मोठ्यानं सांगू शकतं. मी पदर तोंडाला लावून ओरडले, "गाडी थांबवा, मला मळमळतंय!" कंडक्टर भला माणूस, त्यानं घंटी मारली. मी उतरले, समोर ज्वारी डोक्याएवढी उभी, आता सुटले असं वाटलं. तर शेजारच्या बाकावरची एक म्हातारी माझ्या मागं उतरली. तिनं माझं कपाळ धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, नाकाला लिंबू लावलं आणि म्हणाली, "काढ बाई, सगळं काढ, लाजू नको." मी बराच वेळ ज्वारीकडं बघत खोट्या ओकाऱ्या काढल्या. म्हातारीनं मला एक क्षण एकटीला सोडलं नाही. वर गाडीत बसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीला दिवस गेल्यात." सासरी पोहोचायच्या आत ती बातमी पोहोचली. मला घरात पाऊल टाकल्या टाकल्या मागच्या दारानं पळायचं होतं, तर सासूबाई माझी दृष्ट काढत बसल्या.

अशी मी. आज ती पोर मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या कानाखाली एक देईन आणि ज्वारीत ढकलून देईन.

म्हणूनच पुढं जेव्हा रस्ता रुंद झाला, आमची जुनी चहाची टपरी त्यात गेली आणि शेताच्या कडेला नवं हॉटेल बांधायचं ठरलं, तेव्हा मी एकच हट्ट धरला. मिसळ करा नाहीतर करू नका, पण बायकांसाठी दाराचं, कडीचं, पाण्याचं संडास पाहिजे. झालंही. गाड्या आमच्याकडं थांबतात त्या त्याच्यामुळं. सून स्वयंपाकघर बघते, तिच्या तर्रीचं नाव आहे, पण ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर तर्रीसाठी थांबत नाही. मागून बायका सांगतात म्हणून थांबतो.

ही बांधकामं झाली माझ्या दिराच्या देखरेखीखाली. दीर म्हणजे आमच्या भागातला शेततळ्यांचा जाणता. बोरीपासून इकडं कुणालाही शेततळं घ्यायचं असलं की त्याला विचारतात. खड्डा किती घ्यायचा, बांध कसा दाबायचा, कागद कुठला टाकायचा. कागद म्हणजे ते जाड काळं प्लास्टिक, तळ्याच्या पोटात अंथरतात ते, पाणी मुरू नये म्हणून. टाकी आणि शोषखड्डा त्यानंच खोदून घेतला. मी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं होते, डोळ्याला पट्टी. परत आले तोवर सगळं बुजवून, वर नारळाचं रोप लावून झालेलं.

पहिल्यापासून टाकी भरायची. दर थोड्या दिवसांनी मैल्याचा टँकर बोलवायचा, उपसायचं, परत भरायची. आम्हाला वाटायचं, टाकी म्हटलं की भरणारच. आणि भरली की दोष कुणाचा? बायकांचा. दीर म्हणायचा, "वहिनी, बाया लई पाणी ओतत्यात. पुरुषाचं कसं, आला अन् गेला." मुलानं आतला मोठा मग काढून टाकला आणि मुलांच्या दुधाच्या पेल्याएवढा एक बारका मग साखळीनं बांधला. भिंतीवर पाटी लावली, 'पाणी जपून वापरा'. मुतारीत पाटी नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "तिथं कोण वाचतंय?"

तर आता कुलूप. सोमवारी टँकर आला, उपसून गेला. बायकांचं दार बंद, तरी मुतारीच्या नि हात धुवायच्या पाण्यानं गुरुवारपर्यंत चेंबर परत काठोकाठ. टँकरवाला म्हणाला, "टाकीच्या बुडाशी गाळ बसला असंल. एक माणूस उतरवतो, खरवडून काढतो."

माझा आवाज किती मोठा निघतो हे त्या दिवशी मलाही नव्यानं कळलं. म्हटलं, "माझ्या आवारात टाकीत माणूस उतरणार नाही. तुझा बी नाय, माझा बी नाय. आत हवा असते का? पेपरात वाचत न्हाईस का?"

"आज्जी, आमच्याकडची माणसं सवयीची हायेत."

"मरायची कसली रे सवय?"

तो पाइप गुंडाळून गेला. मुलगा म्हणाला, उगाच भांडलीस. भांडलेच.

मग दिराचा उपाय आला. दोन वर्षांपासून त्याला सेंद्रिय शेतीचं वेड लागलं आहे. ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची माती कालवून तो जीवामृत करतो आणि डाळिंबाला घालतो. त्यानं तोच ड्रम टाकीत ओतला. म्हणाला, "जंतू वाढत्यात वहिनी. मैला खाऊन टाकत्यात. आठ दिसांत टाकी कोरडी." बेसन कुठलं? सुनेच्या भज्यांचं. सकाळच्या भज्यांना बेसन कमी पडलं, गिऱ्हाइकं ओरडली, आणि दुपारी त्या टाकीला असा काही वास सुटला की कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन झोपली.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्या जंतूंनी बेसन खाल्लेलं दिसतंय. पुढच्या ताटाला त्यांनी तोंड लावलं न्हाई."

"थांबा की जरा. लगीच व्हतंय का?"

या सगळ्यात बायकांचं दार बंदच. रोज गाड्या थांबायच्या, बायका उतरायच्या, खडूची अक्षरं वाचायच्या, परत बसायच्या. एक पोक्त बाई मला हळूच म्हणाली, "मावशी, साखरेचा आजार आहे हो, धरवत नाही." मी तिला घरी नेलं, शेतातून, चिखलातून, पार वस्तीवर. तिची गाडी हॉर्न वाजवत राहिली. ती परत पळताना बांधावर घसरली आणि साडी चिखलानं भरली. मी मुलाकडं जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "प्रत्येकीला आपण घरी न्यायचं का आई?" म्हटलं, "न्हाई. प्रत्येकीला तू दार उघडायचं."

त्या रात्री जेवताना काका-पुतण्यांनी तोड काढली. चेंबरपासून ओढ्यापर्यंत पाइप टाकायचा. झालं काम. टाकी भरायचा प्रश्नच नाही.

सून वाढत होती. ती भाकरी हातात तशीच धरून म्हणाली, "अन् खालची विहीर?"

आमच्या ओढ्याच्या कडेलाच खालच्या वस्तीची विहीर आहे. कांदा लावायला येणाऱ्या बाया तिथनंच कळशा भरतात.

दीर म्हणाला, "विहीर ओढ्यात थोडीच हाय? कडंला हाय. मधी माती हाय, गाळून जातंय सगळं."

"मग ते गाळून गेलेलं तुमी प्या," सून म्हणाली. आमची सून वडीलधाऱ्यांसमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलली आणि भाकरी दिराच्या ताटात न टाकता परत टोपल्यात टाकली. मला इतका आनंद झाला की मी तिची भाकरी मागून घेतली.

पण पाइप आलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चर खणायला माणसं येणार होती. मी हॉटेलातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि चेंबर नि ओढा यांच्या मधे, चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषेवर, नीट मांडून बसले. डोक्यावर पदर, हातात लसणाची पाटी.

दीर आला. "वहिनी, उठा."

"ऊन खातेय."

"ऊन तिकडं बी हाय."

"इथलं कोवळं हाय."

खणायला आलेली माणसं हसायला लागली. दिरानं मुलाला बोलावलं, मुलानं सुनेला, सुनेनं मला चहा आणून दिला. ती दिवसभर चहा आणत राहिली. येणारे-जाणारे विचारायचे, "आज्जी, इथं का?" मी सांगायची, "राखण." कशाची ते कुणी विचारलं नाही. माझ्या वयाला बाई कशाचीही राखण करत बसू शकते.

दिवसभर एका जागी बसलं की माणूस बघतं. माझ्या समोरच तो शोषखड्डा, टाकीतलं पाणी जमिनीत मुरायला केलेला, आणि त्यावरचं नारळाचं रोप. लावलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं, अजून गुडघ्याएवढंच. पानं वाळून तपकिरी, बुडाशी माती अशी भुसभुशीत कोरडी की कोंबडी त्यात धुळीची अंघोळ करत होती. मी बराच वेळ त्या कोंबडीकडं बघत राहिले. सून चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हटलं, "आपल्या घरामागं मोरीचं पाणी जातं तिथली केळ बघितलीस ना?"

"लई माजलीय आत्या. घड पेलंना तिला."

"चार भांड्यांच्या पाण्यावर माजलीय. अन् इथं गाडीभर बायांचं पाणी रोज खड्ड्यात जायचं, तर हा नारळ उपाशी का?"

सुनेनं कप खाली ठेवला. टाचेनं माती उकरून बघितली. वर कोरडी, खाली कोरडी. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आत्या, पाणी जमिनीत जातच न्हाई."

आम्ही दोघींनी हे दिराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नारळाला कीड हाय." पण चर खणता येत नव्हता, खुर्ची हलत नव्हती आणि शनिवार तोंडावर आला होता. शेवटी मुलगाच वैतागून म्हणाला, "काका, एकदा उघडून बघू. म्हातारीचं समाधान व्हईल." माझ्या समाधानासाठी म्हणून शोषखड्डा उघडायचं ठरलं. चालेल, माझी हरकत नव्हती.

टँकरनं आधी उपसून घेतलं. मग जेसीबी आला. नारळ उपटून बाजूला ठेवला, वरची माती ओढली, लाद्या काढल्या, आणि कडेनं दात घातले. जेसीबीच्या दातांना काहीतरी अडकलं. ड्रायव्हरनं दांडा वर उचलला तसं ते वर येत गेलं, येत गेलं, संपेचना. काळं, जाड, चकचकीत. खड्ड्याचा पूर्ण आकार धरून, एखादं अवाढव्य झबलं वाळत घालावं तसं ते हवेत लोंबायला लागलं.

शेततळ्याचा कागद.

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. त्याच्या स्वतःच्या शेतात दिरानं सांगितल्याप्रमाणे तळं केलेलं, त्यामुळं त्यानं तो लगेच ओळखला. "काका," तो म्हणाला, "हा तर आपला कागद."

दीर खड्ड्याकडं बघत होता. मग म्हणाला, "उरला व्हता. चांगला जाड कागद, उन्हात पडून वाया गेला असता. म्हटलं खड्ड्याला लावू. थेंब गळायचा न्हाई."

"शोषखड्ड्याला?" मी विचारलं.

"सांधे बी मशीननं चिकटवून घेतले व्हते," तो म्हणाला, आणि खरं सांगते, एवढं होऊनही त्याच्या आवाजात अभिमान होता. "बघा ना, एवढ्या वर्षांत कुठं फाटलाय का?"

मुलगा दुसरीकडं बघायला लागला. म्हणजे कागदाचं दुसरं टोक कुणी धरलं होतं तेही मला कळलं.

मला हसू येत होतं, पण त्याच्या आत संताप इतका होता की हसू बाहेरच येईना. मला दिराचं डोकं समजतं. हा माणूस जन्मभर पाणी धरायला शिकला. पाणी मुरलं, पाझरलं, वाहून गेलं की त्याच्या पोटात कळ येते. खड्डा दिसला की त्याला कागद लावायचा, हे त्याच्या हातांना आपोआप येतं. तेवढं मी माफ केलं असतं. पण इतके दिवस पाण्याला जायला वाट नव्हती आणि दोष आम्हा बायांच्या पाण्यावर लावला! दुधाच्या पेल्याएवढा मग बांधला! पाटी लावली! सुनेला मी कितीदा बघितलं होतं, गाडी गेल्यावर आत जाऊन बादली मोजायची, कुणी जास्त वापरलं की मनाला लावून घ्यायची.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्या बाया जास्त पाणी ओतत नव्हत्या. तुमी त्यांना तळ्यात बसवलं व्हतं."

जेसीबीवाला हसला. मग खणायला आलेली माणसं हसली. दिरानं कागदाला हात लावून बघितला, कुठं वापरता येईल का म्हणून. सून ओरडली, "तो आता कशावर बी टाकायचा न्हाई!"

नवा खड्डा विहिरीपासून लांब, वरच्या अंगाला घेतला. एक नाही, दोन, म्हणजे एक भरला तर दुसरा चालेल. काळी माती ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत खोदलं, कारण मुरूम पाणी पितो. कडेनं विटा रचल्या त्या मधे फटी सोडून. दीर प्रत्येक फटीकडं बघून अस्वस्थ व्हायचा. एकदा त्यानं गवंड्याला म्हटलंही, "जरा सिमेंट भर की, भोक राहिलंय." मी खुर्चीवरून बोलले, "भाऊजी, भोकच पाहिजे." नळीचं टोक घातलं.

झाकायच्या आधी पाणी सोडून बघितलं. मोटार चालू केली, आमच्या शेतातल्या विहिरीचं स्वच्छ पाणी खड्ड्यात पडायला लागलं. आम्ही सगळे कडेला उभे. पाणी वर आलं, थांबलं, आणि मग हळूहळू खाली जायला लागलं. मुरूम ओला झाला, वीट ओली झाली, पाणी गेलं. परत सोडलं, परत गेलं. एवढं चांगलं पाणी जमिनीत जाताना दिराला बघवेना. तो पाठ करून उभा राहिला आणि विचारत राहिला, "गेलं का? गेलं का?" सून म्हणायची, "गेलं काका, गेलं."

मुलानं खडूची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसली. मी आत जाऊन त्या साखळीचा बारका मग सोडवला आणि मोठा ठेवला. 'पाणी जपून वापरा' ही पाटी सुनेनं काढली आणि मुतारीत नेऊन लावली.

तरी घोडं एका ठिकाणी अडलंच. मुलाच्या मनात नवीन पाटी होती, 'फक्त ग्राहकांसाठी'. एवढा खड्डा केला, एवढी धावपळ, म्हणाला, जी चहा घेईल ती जाईल. मी म्हटलं, "कर पाटी. मी तिच्याखाली खुर्ची टाकून बसते." त्याला खुर्चीची आता धास्ती बसली आहे. पाटी झाली नाही.

दिराचं मात्र वेगळंच. आता गावात कुणी संडास बांधत असलं की तो तिथं जाऊन उभा राहतो आणि गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "शोषखड्ड्याला कागद लावायचा न्हाई बरं का राव. लई जण चूक करत्यात." लई जण! मी जुन्नर-आंबेगावात असा दुसरा माणूस शोधते आहे.

परवा दुपारी हॉटेलपुढं एक टेम्पो थांबला. मागं कांद्याच्या लागवडीच्या बाया, हातपाय मातीनं भरलेले. चहाबिहा काही नाही, त्यांच्याजवळ वेळही नव्हता. त्यातली एक भीतभीत आली, "आज्जी, जाऊ का?" मी हात केला, तशा सगळ्याच उतरल्या आणि रांग लागली. दीर तिथंच खाटेवर बसला होता. त्यानं रांग बघितली आणि त्याचा जीव वरखाली व्हायला लागला.

"वहिनी, अहो किती जणी ह्या! खड्डा भरंल!"

"भरू द्या," मी म्हटलं. "मुरायलाच केलाय."

आतून बादलीत पाणी पडल्याचा मोठा आवाज आला. दिरानं डोळे मिटून घेतले. मी रांगेतल्या बाईला म्हटलं, "घाई करू नका गं. पाय बी धुवा."